हॅश जुळला म्हणजे फाइल सुटली असं नाही

प्रश्न मला कळला तो असा: एका ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्याचं विंडोज १० मशीन, त्याची ५०० जीबीची इमेज (डिस्कची जशीच्या तशी प्रत), आत ४ लाख २० हजार फाइल्स, ऑटॉप्सी या तपासाच्या सॉफ्टवेअरमध्ये एनएसआरएलचा हॅशसेट (ओळखीच्या फाइल्सच्या हॅशची, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशांची यादी) लावल्यावर २ लाख ६० हजार 'नोन' म्हणून बाजूला झाल्या आणि १ लाख ६० हजार उरल्या. आता नोनवाल्या बघायच्याच नाहीत का, एमडी५ या हॅश काढायच्या जुन्या पद्धतीवरचं मॅचिंग धरायचं का (कारण "एमडी५ तुटलंय" असं जो तो म्हणतो), आणि उरलेल्या ढिगाचं काय करायचं. प्रश्न तिन्ही रास्त आहेत पण पहिल्यात एक गोष्ट तुम्ही धरून चाललात, की नोन म्हणजे चांगली. तिथेच घोळ आहे, म्हणून आधी तेच सोडवू, बाकीचं पटकन होईल.

एनएसआरएल म्हणजे नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी, अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी मानकसंस्थेची, मेरिलँडमधल्या गेदर्सबर्गला. लायब्ररी हा शब्द इथे अगदी शब्दशः घ्या. ही मंडळी सॉफ्टवेअर विकत घेतात किंवा कंपन्या त्यांना देतात, खोकी-सीड्या शेल्फावर जपून ठेवतात, म्हणजे उद्या कोर्टात कुणी विचारलं की हा हॅश आला कुठून तर मूळ पॅकेज हातात घेऊन दाखवता येतं. मग त्या पॅकेजमधली प्रत्येक फाइल, आतली कॅब-झिप उघडून, बाहेर काढतात, हॅश काढतात आणि दर तीन महिन्यांनी यादी प्रसिद्ध करतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे स्टीफन कॅब्रिनेटी नावाच्या माणसाने जमवलेला जुन्या गेम्स आणि प्रोग्रॅम्सचा प्रचंड संग्रह आहे, त्याच्याही प्रती या लोकांनी करून दिल्या, फ्लॉपी अन् कॅसेटच्या जमान्यातल्या. मला त्या कामाचा हेवा वाटतो खरं तर.

तर यादीत असणं याचा अर्थ एवढाच, की ही फाइल आम्ही अमुक पॅकेजमध्ये बघितली आहे. बास. ती फाइल चांगली आहे असं निस्ट कुठेच म्हणत नाही. त्या यादीत पासवर्ड फोडायची टूल्स आहेत, फोटोत मजकूर लपवायची टूल्स आहेत, कारण तीही सॉफ्टवेअरच की. जुन्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये 'स्पेशल कोड' नावाचा एक कॉलम होता आणि घातक फाइलपुढे त्यात 'एम' लिहिण्याची सोय होती, तो कॉलम उघडून बघणारा माणूस मला आजवर क्वचित भेटलाय. आपल्याकडे म्हण आहे ना, ओळखीचा चोर जीवे न सोडी, ती या हॅशसेटच्या डब्यावर छापायला हवी.

आता एक प्रसंग सांगते म्हणजे मुद्दा डोक्यात बसेल. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावची पतसंस्था, नाव जाऊ दे, तिथे रात्री कुणीतरी मशीनवर येऊन एंट्र्या बदलत होतं आणि लॉगिन कुणाचंच दिसत नव्हतं. डिस्क आली, इमेज घेतली, आमच्याकडच्या नव्या मुलाने एनएसआरएल लावून नोन फाइल्स हाइड केल्या आणि दोन दिवस उरलेल्या फाइल्स चाळल्या, मालवेअर नाही, रिमोट टूल नाही, काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी ते हाइडचं बटण काढलं आणि सिस्टम३२ फोल्डर नावाप्रमाणे लावला. तिथे सेटएचसी डॉट ईएक्सई होती. ही स्टिकी कीजची फाइल, शिफ्ट पाचदा दाबली की उघडते, लॉगिन स्क्रीनवरसुद्धा. शेजारीच सेटएचसी डॉट बीएके पडलेली. दोन्हीचे हॅश यादीत होते! फक्त सेटएचसी डॉट ईएक्सईचा हॅश बघितला तर तो निघाला सीएमडी डॉट ईएक्सईचा. म्हणजे कुणीतरी मूळ फाइलचं नाव बदललं, सीएमडीची कॉपी तिच्या नावाने ठेवली, आणि मग लॉगिन स्क्रीनवर पाचदा शिफ्ट दाबायचं की काळी खिडकी उघडणार, तीही सिस्टमच्या अधिकाराने, पासवर्ड वगैरे काही लागत नाही. जुनी ट्रिक आहे, आता डिफेंडर बऱ्याचदा पकडतो, पण त्या मशीनवर डिफेंडर बंद करून ठेवलेला (स्लो होतंय म्हणून, नेहमीचंच). आणि आमच्या फिल्टरने नेमकी तीच फाइल आमच्यापासून लपवली, कारण ती मायक्रोसॉफ्टची अस्सल, एकही बाइट न बदललेली फाइल होती. चुकीच्या नावाने चुकीच्या जागी, एवढंच.

यातून एक सवय लावून घ्या. हॅश फक्त आतल्या मजकुराचा निघतो. फाइलचं नाव, पाथ, तारीख, परमिशन यातलं काहीही त्यात नसतं, एनटीएफएसच्या (विंडोजच्या डिस्कवरची फाइलरचना) अल्टरनेट स्ट्रीममध्ये, म्हणजे फाइलला जोडलेल्या लपलेल्या कप्प्यात, कुणी काही चिकटवलं असेल तर तेही नसतं. म्हणून नोन फाइल्स हाइड करायच्या आधी एक क्वेरी चालवायची: सिस्टम३२ आणि प्रोग्रॅम फाइल्समधल्या ज्या ईएक्सईंचा हॅश यादीत आहे पण यादीतलं नाव आणि डिस्कवरचं नाव वेगळं आहे, त्या सगळ्या दाखव. यासाठी यादीचं फुल व्हर्जन घ्या. मिनिमलमध्ये एका हॅशला एकच नोंद असते, एकच फाइल दहा नावांनी वाटली गेली असेल तर त्यातलं एकच नाव दिसणार आणि तुम्हाला उगाच शेकडो खोटे इशारे येणार. दुसरी खूण, सिस्टम३२ मधल्या बहुतेक अस्सल फाइल्सची विनएसएक्सएस फोल्डरमध्ये हार्डलिंक (त्याच फाइलचं दुसरं नाव) असते, म्हणजे लिंक काउंट एकापेक्षा जास्त दिसतो. आमच्या त्या सेटएचसीचा होता १.

उलट बाजूची चूकही तेवढीच महागात पडते. एका रिपोर्टच्या ड्राफ्टमध्ये मी स्वतः वाचलेलं वाक्य: "सदर संगणकावर अमुक गेम इन्स्टॉल केलेला आढळला." पुरावा काय, तर एका डीएलएलचा हॅश यादीत त्या गेमच्या नावावर होता. उघडून बघितलं तर ती व्हिज्युअल सी++ ची रनटाइम डीएलएल, जी शेकडो सॉफ्टवेअर्ससोबत येते, त्या बिचाऱ्याच्या मशीनवर ती प्रिंटरच्या ड्रायव्हरबरोबर आलेली. यादीत ती ज्या पॅकेजच्या नावावर दिसली ते पॅकेज गेम होतं, एवढाच त्या माणसाचा दोष. याला आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात आणि कोर्टात समोरचा वकील तो स्वर्ग दोन मिनिटांत खाली उतरवतो. एखादं सॉफ्टवेअर मशीनवर होतं असं लिहायचं असेल तर फक्त त्याच पॅकेजमध्ये येणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या कशातच नसणाऱ्या, बऱ्याच फाइल्स जुळायला हव्यात, आणि सोबत रजिस्ट्री, प्रीफेच (प्रोग्रॅम चालल्याच्या विंडोजने ठेवलेल्या खुणा) वगैरे. लायसन्सची टेक्स्ट फाइल, एका पिक्सेलची गिफ इमेज, असलं काही जुळलं तर त्याला शून्य किंमत.

शून्यावरून आठवलं. रिकाम्या फाइलचाही हॅश असतो आणि तो कायम एकच असतो, एमडी५ मध्ये डी४१डी८सीडी९ ने सुरू होणारा, एसएचए-२५६ या नव्या पद्धतीत ई३बी०सी४४२ ने. हे दोन तोंडपाठ करून टाका, खरंच. कुणीतरी दिलेल्या "घातक हॅश"च्या यादीत हा रिकाम्या फाइलचा हॅश चुकून शिरलेला असतो, आणि मग तुमच्या इमेजवर एकदम हजारभर लाल खुणा येतात आणि मॅनेजरचा फोन येतो की मशीन पूर्ण इन्फेक्टेड आहे का. लाल खुणा आल्या की आधी फाइल साइज बघायची.

आता याच हॅशचा खरा उपयोग कुठे होतो ते. तो मला विसंगतीत जास्त दिसतो. समजा एका सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये ३०० फाइल्स आहेत, २९९ यादीत आहेत आणि मुख्य ईएक्सई एकटीच अनोळखी. दहापैकी आठ वेळा ती क्रॅक असते, लायसन्स तपासणारा तुकडा बदललेली. मूळ फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅशमधले साधारण निम्मे बिट बदलतात, त्यामुळे हॅश बघून फरक थोडा की जास्त ते कळत नाही, तिथे एसएसडीप लावायचं. जेसी कॉर्नब्लमने २००६ मध्ये आणलेलं हे टूल फाइलचे तुकडे पाडून साम्य मोजतं, आणि मूळ ईएक्सईशी ९५-९७ असा स्कोअर आला की समजा दोनचार बाइट पॅच केलेत. तसंच, अस्सल सही असलेली ओळखीची ईएक्सई टेम्प किंवा डाउनलोड्समध्ये आणि तिच्या मांडीला मांडी लावून एक अनोळखी डीएलएल, हा साइडलोडिंगचा, म्हणजे अस्सल ईएक्सईकडून घातक डीएलएल चालवून घेण्याचा, नेहमीचा नमुना. ईएक्सई नोन म्हणून हाइड झाली तर ती डीएलएल एकटी दिसते आणि तुम्हाला काहीच वाटत नाही. म्हणून मी सांगते, हाइड करू नका, फिका रंग द्या. शेजारीपाजारी दिसले पाहिजेत.

आता एमडी५. तुटलंय हे खरं आहे पण कुठे तुटलंय ते बघा. २००४ मध्ये चीनच्या वांग शियाओयुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच एमडी५ असलेल्या दोन वेगळ्या इनपुट्स तयार करून दाखवल्या. २०१२ मध्ये सापडलेल्या फ्लेम मालवेअरने हाच प्रकार वापरून मायक्रोसॉफ्टची वाटावी अशी सही मिळवली होती, त्यामुळे हे नुसतं पुस्तकी नाही. एसएचए-१ चं तेच २०१७ मध्ये झालं, ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधनसंस्था आणि गूगल यांनी एकच हॅश असलेल्या दोन पीडीएफ काढून दाखवल्या. पण या सगळ्यांत दोन्ही फाइल्स करणारा एकच असतो, त्याला दोन्हीकडे मनासारखी ढवळाढवळ करता येते. तुमच्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टची फाइल आधीच ठरलेली आहे, यादीत बसलेली आहे, तिच्याशी जुळणारी घातक फाइल बाहेरून कुणी बनवू शकतो का? हे एमडी५ च्या बाबतीतसुद्धा आजवर कुणी प्रत्यक्षात करून दाखवलेलं नाही. म्हणून तुमचे २ लाख ६० हजार मॅचेस एमडी५ मुळे खोटे ठरत नाहीत, निवांत राहा.

तरीही मी नुसत्या एमडी५ वर काम सोडत नाही, त्याची कारणं व्यवहाराची आहेत. एक तर वेळ जातो तो डिस्क वाचण्यात, एकदा वाचतोच आहोत तर एमडी५ आणि एसएचए-२५६ दोन्ही त्याच फेरीत निघतात. एनएसआरएलच्या यादीचं नवं रूप, आरडीएस ३, एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये येतं आणि त्यात एसएचए-२५६ आहे, जुन्या टेक्स्ट फाइलमध्ये ते नव्हतं. दुसरं म्हणजे समोरच्या वकिलाने "एमडी५ तुटलंय ना हो मॅडम?" विचारल्यावर वरचा पूर्ण पॅरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून समजावत बसायची माझी तयारी नाही. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या ६५बी (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं कलम) च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं, त्यातल्या सर्टिफिकेटच्या नमुन्यात हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला ते लिहायला रीतसर जागा आहे, भाग अ मध्ये देणाऱ्याने आणि भाग ब मध्ये तज्ज्ञाने. सर्टिफिकेटला हलक्यात घेऊ नका, ते लागतंच हे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने पक्कं सांगितलं ते आपल्या जालन्याच्याच निवडणुकीच्या केसमध्ये, खोतकर विरुद्ध गोरंट्याल. पण सर्टिफिकेटमधला हा हॅश वेगळा बरं का. तो तुमची इमेज बदललेली नाही हे दाखवतो. एनएसआरएलचा हॅश आतली फाइल कोणती ते ओळखतो. मी असे रिपोर्ट बघितलेत ज्यात दोन्ही एकाच टेबलात कोंबलेत आणि वाचणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगते कारण तिने माझी एक रात्र खाल्लीय. जुन्या टेक्स्ट यादीत हॅश कॅपिटल अक्षरांत आणि अवतरणचिन्हांत असायचे, लिनक्सचं एमडी५सम देतं स्मॉलमध्ये. मी सरळ ग्रेप (मजकूर शोधायची कमांड) लावला, दोन लाख फाइल्सपैकी मॅच शून्य. शून्य! मला वाटलं डिस्कच एन्क्रिप्टेड आहे, मग वाटलं इमेज करप्ट आहे, पहाटे साडेतीनला लक्षात आलं. आता मी आधी नोटपॅड डॉट ईएक्सईसारखी एक खात्रीची फाइल चालवून बघते, तीही नाही जुळली तर दोष माझा. आणि ग्रेप वगैरे करूच नका हो, यादी सॉर्ट करून इंडेक्स करा, ४ कोटी हॅश असले तरी एक शोधायला फार तर २६ तुलना लागतात.

आता उरलेल्या १ लाख ६० हजारांचं. आधी घाबरायचं सोडा, कारण अनोळखी म्हणजे वाईट असंही नाही. यात ब्राउझरचा कॅशे असणार, थंबनेल्स, लॉग, प्रीफेच, त्या माणसाच्या एक्सेल आणि पीडीएफ, डॉटनेटने त्याच मशीनवर तयार केलेल्या नेटिव्ह इमेजेस ज्या दर मशीनवर वेगळ्या निघतात, आणि विंडोजचे ताजे अपडेट जे अजून यादीत पोचलेले नाहीत. एनएसआरएल तीन महिन्यांनी येतं आणि मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी फाइल्स बदलतं, गणित सरळ आहे. म्हणून ईएक्सई, डीएलएल आणि ड्रायव्हर तेवढे वेगळे काढा, १ लाख ६० हजाराचे एकदम काही हजार होतील, आणि त्यांच्यावर सिगचेक (फाइलवरची डिजिटल सही तपासणारं टूल) चालवा. इथे एक खाच आहे: विंडोजच्या कितीतरी फाइल्समध्ये सही आत नसते, ती कॅटलॉग फाइलमध्ये वेगळी असते, त्यामुळे "अनसाइन्ड" दिसलं की लगेच उडी मारू नका. आणि कॅटलॉगमधला हॅश हा ऑथेंटिकोड (मायक्रोसॉफ्टची सही करायची रीत) पद्धतीचा, सहीचा भाग आणि चेकसम वगळून काढलेला असतो, तुमच्या साध्या एसएचए-२५६ शी तो जुळणारच नाही, जुळवायला जाऊ नका.

मग गोल्ड इमेज, म्हणजे त्याच ऑफिसातल्या चांगल्या मशीन्सचा नमुना, आणि याला मी एनएसआरएलपेक्षाही जास्त मार्क देईन. आपल्याकडच्या ऑफिसांत जे चालतं, म्हणजे मराठी फाँटची पॅकेजेस, साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, डेअरीत दूध संकलनाचं, सोसायटीच्या बिलांचं, कुणीतरी २००८ मध्ये व्हीबीत लिहून दिलेलं आणि अजून चालू असलेलं काहीतरी, हे अमेरिकेतल्या शेल्फावर कुठून असणार? माझ्या केसेसमध्ये तरी ते नेहमी अनोळखीच निघतं. त्याच ऑफिसातली दुसरी दोन-तीन मशीन्स, ज्यांच्याबद्दल तक्रार नाही अशी, त्यांचे हॅश काढून घ्या (लेखी परवानगीने) आणि तोच तुमचा दुसरा हॅशसेट. चारपैकी तीन मशीन्सवर जी डीएलएल सारखीच आहे आणि चौथ्यावर वेगळी, तिच्याकडे आधी बघा. फक्त लक्षात ठेवा की एकाच पेनड्राइव्हने चारही मशीन्स बाधित झाली असतील तर घाणही सगळीकडे सारखीच असेल. हॅशसेट म्हणून वापरायचं मशीन आधी तपासून घ्यायचं.

यानंतर जी शे-दोनशे उरतील त्यांचे हॅश बाहेर विचारा. लक्झेंबर्गच्या सर्कल या सायबर सुरक्षा संस्थेची हॅशलुकअप सेवा फुकट आहे, त्यात एनएसआरएलशिवाय लिनक्स डिस्ट्रिब्युशन्सच्याही भरपूर फाइल्स आहेत, आणि ऑफलाइन वापरायला ब्लूम फिल्टरही (हॅश यादीत आहे का ते पटकन सांगणारी आटोपशीर फाइल) मिळतो. व्हायरसटोटल या अनेक अँटीव्हायरसने फाइल तपासणाऱ्या साइटवर हॅश शोधा, पण फाइल अपलोड करू नका, हात जोडून सांगते. अपलोड केलेली फाइल तिथल्या पैसे भरणाऱ्या मंडळींना उतरवून घेता येते, आणि तुमच्या क्लायंटचा पगारपत्रक असलेला एक्सेल जगाला वाटल्यासारखं होतं, शिवाय मालवेअर त्याच क्लायंटसाठी बनवलेलं असेल तर बनवणाराही तिथे लक्ष ठेवून असू शकतो. हॅश विचारून काहीच आलं नाही तरी ती माहितीच आहे. जगात कुणीच न बघितलेली ईएक्सई अकाउंट्सच्या मशीनवर का आहे, हा चांगला प्रश्न आहे.

लिनक्स सर्व्हर आला तर मात्र एनएसआरएलकडे पळायच्या आधी मशीनमध्येच बघा, नाहीतर काखेत कळसा आणि गावाला वळसा. आरपीएमवाल्या सिस्टमवर आरपीएमची व्हेरिफाय कमांड आणि डेबियन-उबुंटूवर डेबसम्स, दोन्हीकडे पॅकेजच्या फाइल्सचे हॅश आधीच ठेवलेले असतात. ज्याला रूट (सर्वाधिकार) मिळाला तो तेही बदलू शकतो, म्हणून ती झाली पहिली नजर, पक्की तुलना डिस्ट्रिब्युशनच्या सर्व्हरवरून ताज्या उतरवलेल्या पॅकेजशी करायची, मशीनवरच्या डेटाबेसशी नाही.

तुमच्या केसमध्ये मी असं करेन: नोन फाइल्स डिलीट-बिलीट काही नाही, हाइडही नाही, फक्त टॅग. आज रात्री ती नाव न जुळणारी क्वेरी सिस्टम३२ वर लावून झोपा, सकाळी सेटएचसी, युटिलमॅन, ओएसके, मॅग्निफाय या चार फाइल्स हाताने बघा, मग ईएक्सई-डीएलएल वेगळं काढून सिगचेक. नाव न जुळणाऱ्यांची यादी दहा-बाराच्या वर गेली तर बहुधा तुम्ही मिनिमल सेट घेतलाय, फुल घेऊन परत चालवा. त्यातही काही उरलं तर मला पाथ, साइज आणि एमएफटीमधल्या (डिस्कवरच्या फाइल्सची मुख्य नोंदवही) वेळा पाठवा, फाइल नको.